मॉनिटर उत्तम, पण माऊसच्या क्लिकने वैताग आणला

मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस तिन्ही एकदमच बदलले. मॉनिटरचं थोडक्यात सांगतो. 27 इंच, 1440पी (म्हणजे उभ्यात 1440 पिक्सेल), आयपीएस (बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा पडदा). आधीचाही 27 इंचीच होता, पण 1080पी. इंचाला साधारण 82 पिक्सेल होते ते 109 झाले आणि देवनागरी वाचताना फरक लगेच जाणवला. रफार, अनुस्वार, जोडाक्षरं सुटी दिसतात. पूर्वी ‘ष्ट्र’चा नुसता काळा गोळा व्हायचा. दिवसभर मजकूर वाचत असाल तर 27 इंचात 1080पी घेऊच नका. स्टँड डुगडुगतो, पण मागे 100 मिमीची व्हेसा भोकं (स्टँड-आर्म जोडायची ठरलेल्या मापाची) आहेत, टेबलाला बसणारा आर्म लावून टाकला. कीबोर्डबद्दल तक्रार नाही.

आता माऊस. सुरुवातीचे महिने मी हा माऊस भेटेल त्याला घ्यायला सांगत होतो. हलका, हातात नीट बसणारा, चार्जिंग भरपूर टिकणारा. मग फोल्डर एकाच क्लिकवर उघडायला लागले. फाईल ओढून नेताना मध्येच सुटायची आणि भलत्याच फोल्डरमध्ये पडायची. मजकूर सिलेक्ट करावा तर निवड तुटायची. डाव्या बटणाला डबल क्लिकचा रोग लागला होता.

बटणाखाली एक चिमुकला स्विच असतो, त्यात धातूची लवचिक पट्टी. बटण दाबलं की ती पट्टी टेकताना सूक्ष्म उड्या मारते, म्हणून माऊसचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) पहिल्या स्पर्शानंतर काही मिलिसेकंदांतले जादा सिग्नल सोडून देतं. पट्टी झिजली, तिच्यावर ऑक्साईडचा थर आला की सिग्नल त्याहून जास्त वेळ तुटत-जुळत राहतो आणि एका क्लिकचे दोन होतात. खोक्यावरचे ‘2 कोटी क्लिक’ प्रयोगशाळेतले असतात, त्यावर विसंबू नका.

सर्व्हिसवाल्यांनी आधी ड्रायव्हर पुन्हा टाकायला लावला, मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर तपासायला, मग व्हिडिओ मागितला. माऊस बदलून दिला खरा, पण आत तोच स्विच, आणि वॉरंटी मूळ खरेदीच्या तारखेपासूनच मोजलेली! ती संपल्यावर त्यालाही तोच रोग. सॉफ्टवेअरमधून डिबाऊन्सचा वेळ, म्हणजे जादा सिग्नल सोडून द्यायचा तो वेळ, वाढवून पाहिला. थोडे दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच.

शेवटी ऑप्टिकल स्विचचा माऊस घेतला. यात सिग्नल इन्फ्रारेड किरणावर चालतो, धातूला धातू टेकण्याचा संबंधच नाही. रेझरने 2019 च्या व्हायपर माऊसमध्ये असे स्विच दिले होते, आता इतरही देतात. क्लिकचा आवाज पहिल्यांदा कर्कश वाटला आणि हा परत करावा असं मनात आलं होतं. आता तो आवाज लक्षातही येत नाही, आणि ओढलेली फाईल जिथे सोडायची तिथेच सुटते.

त्यामुळे माऊस घेताना डीपीआयचे (माऊस किती हलवला की कर्सर किती सरकतो त्याचे) आकडे बघू नका. 26,000 डीपीआय रोजच्या कामात कोणी वापरत नाही, मला 1,600 पुरेसे होतात. स्विच कोणता आहे ते विचारा, आणि विक्रेत्याला सांगता आलं नाही तर तो माऊस सोडून द्या.

जुना माऊस मी टाकलेला नाही. सेन्सर आणि बॅटरी ठणठणीत असताना एवढ्याशा पत्र्यापायी अख्खी वस्तू कचऱ्यात घालणं मला पटत नाही. तसले तीन पायांचे स्विच सुटे मिळतात, सोल्डरिंग येणाऱ्या मित्राकडून बदलून घेणार आहे. स्क्रू खालच्या सरकपट्ट्यांमागे दडवलेले असतात, तेवढ्या पट्ट्या मात्र नव्या लागतील.