चिऱ्याचं कुंपण: अंगावर द्यावं की रोजावर?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात चिऱ्याचं, म्हणजे जांभा दगडाच्या ठोकळ्यांचं, बांधकाम दोन तऱ्हांनी करून मिळतं: अंगावर किंवा रोजावर. कारागिरी तीच, माणसंही बहुधा तीच. वाजतं ते शब्दांवरून.

सगळ्यात फसवा शब्द ‘ब्रास’. वाळू-खडीचा ब्रास म्हणजे 100 घनफूट, गिलाव्याचा 100 चौरस फूट. 60 फूट लांब, 4 फूट उंच आणि 9 इंच जाड भिंत घनफुटात 1.8 ब्रास भरते, एका बाजूच्या चौरस फुटात 2.4 आणि दोन्ही बाजू धरल्या तर 4.8. दराचा आकडा तोच, बिल मात्र अडीच पटीपुढे. तेव्हा ‘घन की चौरस, एक बाजू की दोन्ही’ हे आधी कागदावर घ्या.

अंगावर म्हणजे उक्तं, ठरल्या रकमेत पूर्ण काम. पण पूर्ण म्हणजे काय? मालासकट की नुसती मजुरी, पाया कोण खणणार, गाडीतले चिरे कोण उतरवणार, पाणी कोणाचं? जे बोलायचं राहतं ते मालकाच्याच अंगावर येतं. शिवाय उक्त्यात घाई असते. जांभा पाणी पितो; कोरडाच लावला तर सांध्यातल्या सिमेंट-वाळूच्या मालातलं पाणी ओढून घेतो आणि सांधे नखाने उकरता येतील इतके भुसभुशीत राहतात. चिरे भिजवून लावणं आणि नंतर 7 दिवस पाणी मारणं, दोन्ही करारात हवं.

रोजावर म्हणजे दिवसाच्या मजुरीवर. काम सावकाश, पण नीट होतं. इथे मेस्त्री आणि बिगारी यांचे दर वेगळे. (‘मेस्त्री’ आणि ‘पगार’ पोर्तुगिजांकडून आलेले, ‘बिगारी’ फारसीतला, पूर्वी फुकट राबवला जाणारा. आता तसा कोणी मिळत नाही, हे बरंच आहे.) बिगाऱ्याने खाडा केला की मेस्त्री स्वतः चिरे वाहतो आणि तुम्ही हमालीला मेस्त्रीचा रोज मोजता. त्यामुळे जोडी येणार असेल तरच हजेरी धरायची.

आमचा कौल: सरळ कुंपण अंगावर, जुन्या घराची डागडुजी रोजावर, कारण तिचं माप आधी कोणालाच सांगता येत नाही. उचल झालेल्या कामापुरतीच द्या. आणि मृग तोंडावर आला असताना काम काढू नका. भातपेरणीला मेस्त्री आपल्या शेतात असतो, उचल कितीही दिलेली असो.