'ग्रेगर'ची पाचही पुस्तकं वाचून झाल्यावर

सुझॅन कॉलिन्सच्या 'ग्रेगर द ओव्हरलँडर'पासून सुरू होणाऱ्या मुलांसाठीच्या मालिकेबद्दल वाचकांत सरळ दोन तट आहेत. काही म्हणतात, पोरानं पुस्तक हातातून खाली ठेवलं नाही. काही विचारतात, लहान मुलांच्या पुस्तकात एवढी कापाकापी कशाला? लेकीबरोबर रोज रात्री थोडं थोडं वाचत गेल्या काही महिन्यांत ही मालिका संपवली आणि माझं मत पक्कं झालं. या पुस्तकांत मेलेलं कुणी परत येत नाही, म्हणूनच ती मुलांच्या हाती द्यावीत.

न्यूयॉर्कमधला अकरा वर्षांचा ग्रेगर धाकट्या बहिणीपाठोपाठ इमारतीच्या लाँड्रीतल्या जाळीतून खाली पडतो, तो थेट जमिनीखालच्या अंडरलँड नावाच्या जगात. तिथली माणसं वटवाघळांवर स्वार होऊन लढतात आणि अजस्र उंदरांशी त्यांचं जुनं वैर आहे. ग्रेगरचे वडील दोन वर्षांहून जास्त काळ बेपत्ता आहेत. पुढचा विचार करायचाच नाही, असा नियम त्यानं स्वतःला घालून घेतलाय. तलवारी आणि भाकितं नंतर येतात. लेखिकेनं मला धरून ठेवलं ते या एका नियमानं.

झुरळांचं तर काय सांगावं! अंडरलँडमधली माणसं त्यांना खिजगणतीत धरत नाहीत. ग्रेगरची दोन वर्षांची बहीण बूट्स मात्र त्यांच्याशी बरोबरीनं खेळते, त्यांना ओळखते. पुढे पुलावर तिला वाचवायला टिक नावाचं झुरळ उंदरांच्या टोळीवर एकटंच धावून जातं. त्या रात्री लेकीनं पुस्तक मिटायला लावलं. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "टिकला घाबरायची सवय होती ना गं, मग तो गेला कसा?" शौर्याबद्दल याहून चांगला प्रश्न मला तरी सुचला नसता.

खटकलं ते भाकितांचं. दर पुस्तकात नवं कोडं, नवी मोहीम. तिसऱ्यापर्यंत साचा कळून येतो. नकाशांवरच्या चर्चा मोठ्यानं वाचताना रेंगाळतात. पण रिप्रेड नावाचा तिरकस बोलणारा उंदीर आला की सगळं माफ! शत्रूच्या जातीतला हा शिक्षक मुलांना फार आवडतो.

2003 मध्ये पहिलं पुस्तक आलं, 2007 मध्ये पाचवं. केवळ पहिलं वाचून मालिका कशी आहे ते ठरवू नका. तिसऱ्यात साथीचा रोग आणि त्यामागचं माणसांचं पाप आहे. चौथ्यात एका अख्ख्या जमातीचा संहार आहे आणि तो मुलांना पेलेल इतपतच, पण लपवाछपवी न करता दाखवलाय. कॉलिन्सचे वडील अमेरिकी हवाई दलात होते, ती लहान असताना व्हिएतनामच्या युद्धावर गेले होते. लढाईची किंमत घरच्यांनाही मोजावी लागते, हे तिनं घरातच पाहिलं असणार.

पहिली दोन पुस्तकं नऊ-दहा वर्षांच्या मुलांना खुशाल द्या. चौथं आणि पाचवं जरा थांबून, शक्यतो सोबत बसून वाचा. पाचव्याचा शेवट बऱ्याच जणांना अर्धवट वाटतो. मला तो योग्य वाटला, कारण लढून आलेलं पोर दुसऱ्या दिवशी पूर्वीसारखं हसायला लागलं असतं, तर माझा विश्वासच बसला नसता. लेकीला अजून पटलेलं नाही. तिला सहावं पुस्तक हवंय.