आधी पाय, मग लेझीम : सोलापुरातील एका वर्गाचा अनुभव

गणेशोत्सवाच्या महिनाभर आधी सोलापुरात संध्याकाळी कोणत्याही पेठेतून गेले तरी हलगी कानावर येते, कारण मंडळांची लेझीम पथके सरावाला उतरलेली असतात. हे सारे आजवर गॅलरीतूनच पाहिलेल्या मी यंदा, वयाच्या 45व्या वर्षी, घराजवळच्या एका पटांगणात भरणाऱ्या महिलांच्या 15 दिवसांच्या वर्गात नाव घातले. वर्गाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

पहिले तीन दिवस लेझमी कोपऱ्यात पोत्यातच राहिल्या. प्रशिक्षकांनी जमिनीवर चुन्याच्या रेषा आखल्या आणि आम्हाला केवळ टाळीवर पावले टाकायला लावली. मी कुरकुर केली तेव्हा ते म्हणाले, "काकू, हात आपोआप येतील, पाय येत नाहीत." शाळेत आमचा प्रवास नेमका उलटा झाला होता. कवायतीच्या तासाला 'चार आवाज', 'पवित्रा', 'आगे फलंग', 'दो रुख' असे हुकूम सुटत (मराठी शाळेत ते हिंदीत का, हे कोणी सांगितले नाही) आणि आम्ही हातांकडे पाहत ते उरकत असू.

या वर्गाची खरी कमाई म्हणजे कवायतीची लेझीम आणि मिरवणुकीची लेझीम यांतला फरक पायांतून उमगणे. कवायतीत पाऊल पुढे जाते आणि पुन्हा जागेवर येते, त्यामुळे चूक झाली तरी सावरता येते. मिरवणुकीत मात्र सगळी रांगच सरकत असते. गुडघे किंचित सैल ठेवून चवड्यावर उतरावे लागते, कारण डांबरी रस्त्यावर तासभर टाच आपटली तर नडग्या भरून येतात आणि पाऊल जड पडल्याने आवाजही मागे राहतो. चौकात रांग वळवताना आतल्या बाईने जवळजवळ जागीच पावले टाकायची आणि बाहेरच्या बाईने लांब ढांगा भरायच्या, तरीही सर्वांचा ठेका एकच राहिला पाहिजे. मी बाहेरच्या टोकाला होते. दोन दिवस माझ्यामुळे रांग कोयत्यासारखी वाकत होती. प्रशिक्षकांनी समोर पाहणे बंद करून शेजारणीच्या खांद्याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहायला सांगितले, तेव्हा ती सरळ झाली.

आता उणिवा. सुमारे 40 जणींना एकच प्रशिक्षक असल्याने मागच्या रांगेतल्या चुका तशाच मुरल्या. लेझमी कमी पडत, आणि काहींच्या साखळीत बोट चिमटत असे. याहून मोठी तक्रार म्हणजे टाळीचे तीन दिवस सोडले तर बाराव्या दिवसापर्यंत सराव मोबाइलला जोडलेल्या स्पीकरवर झाला. ध्वनिमुद्रित ठेका घड्याळासारखा एकसारखा चालतो, हलगीवाला मात्र रंगात आला की लय चढवतो. तेराव्या दिवशी खरी हलगी आली आणि आमच्या निम्म्या रांगा कोलमडल्या. जे शिकायचे होते ते शिकायला उरले दोनच दिवस.

शुल्क 700 रुपये होते, ते रास्त वाटले. वेळ संध्याकाळी सात ते साडेआठ असल्याने नोकरी करणाऱ्यांना जमण्याजोगी आहे. चपला घालून जाऊ नये, सपाट तळव्याचे कापडी बूट बरे. पुढच्या वर्षी हलगी पहिल्या आठवड्यापासून असेल का, असे मी शेवटच्या दिवशी विचारले, त्यावर "बघू" एवढेच उत्तर मिळाले. तेवढे जमले तर मी पुन्हा नाव घालीन, आणि बाहेरचे टोकच मागून घेईन.