शील्डच्या खुर्चीत टोनी स्टार्क की स्टीव्ह रॉजर्स: आधी कोणाला वाचावं?

मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये सरकारी सुरक्षायंत्रणेच्या सर्वोच्च खुर्चीत सुपरहीरोला बसवण्याचा निर्णय तीन वर्षांच्या अंतराने दोनदा झाला. २००७ मध्ये आयर्न मॅन, म्हणजे टोनी स्टार्क, ‘शील्ड’ या गुप्तहेर यंत्रणेचा संचालक झाला. २०१० मध्ये स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे मूळचा कॅप्टन अमेरिका, अमेरिकेच्या एकूण सुरक्षाव्यवस्थेचा प्रमुख झाला. सुपरहीरोंच्या आपसातल्या लढाईची ‘सिव्हिल वॉर’ ही मालिका वाचून झाल्यावर पुढे यांपैकी कोणती वाट धरावी, हे ठरवू पाहणाऱ्यांसाठी हा आढावा आहे. कथानकाचे बरेच टप्पे यात उघड होतील, कारण त्यांच्याशिवाय तुलनाच होऊ शकत नाही.

शील्ड ही संस्था स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ऑगस्ट १९६५ च्या ‘स्ट्रेंज टेल्स’ अंक १३५ मध्ये आणली आणि तिचा संचालक केला निक फ्युरीला. फ्युरी दुसऱ्या महायुद्धातला सार्जंट, पुढे हेर. गर्दीत ओळखू येईल असा पोशाख नाही, उडता येत नाही. आदेश देणं, माणसं हेरणं आणि गुपितं पोटात ठेवणं हीच त्याची ताकद. त्याच अंकात टोनी स्टार्कही आहे, पण शील्डसाठी शस्त्रं आणि यंत्रं घडवणारा उद्योगपती म्हणून. टोनीचा सगळा कार्यकाळ समजून घ्यायला हा तपशील फार उपयोगी पडतो. यंत्रणेला माल पुरवणारा माणूस बेचाळीस वर्षांनी त्याच यंत्रणेचा प्रमुख झाला, आणि कोणत्याही सरकारी कार्यालयात ज्याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात तो पहिल्या दिवसापासून त्याच्यासोबत खुर्चीत बसला.

टोनी तिथवर पोचतो ते रक्ताच्या वाटेने. कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्डमध्ये, शाळेजवळ, काही तरुण सुपरहीरोंची टीव्ही कार्यक्रमासाठी चाललेली कारवाई फसते आणि नायट्रो नावाचा खलनायक स्फोट घडवतो. सहाशेच्या वर माणसं मरतात, त्यात शाळकरी मुलं. त्यातून महामानवांच्या नोंदणीचा कायदा येतो. टोनी कायद्याच्या बाजूने, स्टीव्ह विरोधात. मार्क मिलर आणि चित्रकार स्टीव्ह मॅकनिव्हन यांच्या सात अंकांच्या शेवटी स्टीव्ह लढाई जिंकत आलेला असतो, तेव्हा पोलिस, अग्निशमन दलाचे जवान अशी साधी माणसंच त्याला धरून थांबवतात. तो शस्त्र खाली ठेवतो. टोनीला शील्ड मिळते. थोड्याच दिवसांत न्यायालयाच्या पायऱ्यांवर स्टीव्हवर गोळ्या झाडल्या जातात. म्हणजे टोनी ज्या पदावर बसतो त्याची किंमत त्याच्या सर्वांत जवळच्या मित्राने मोजलेली आहे आणि हे त्याला पुरतं ठाऊक आहे.

या भागासाठी ‘आयर्न मॅन’च्या चौथ्या मालिकेतले अंक १५ ते २८ वाचावेत. लेखक मुख्यतः डॅनियल आणि चार्ल्स क्नॉफ, म्हणजे बाप-लेक. चित्रं बरीचशी रॉबेर्तो दे ला तोरे यांची. चित्रं काळसर, जड, चेहऱ्यांवर थकवा असलेली. पहिल्या बैठकीत ती कंटाळवाणी वाटू शकतात, पण कथेला तीच शोभतात. टोनीच्या शरीरात या काळात ‘एक्स्ट्रीमिस’ नावाचं तंत्रज्ञान आहे, त्यामुळे तो उपग्रह, फोन, संगणक यांच्याशी थेट मेंदूने जोडलेला असतो. संचालकाला सगळं ऐकू येतं, सगळं दिसतं. क्नॉफ इथे जे करतात ते मला फार मोलाचं वाटतं: सगळं दिसणारा हा माणूस दिवसेंदिवस अधिक एकटा आणि अधिक संशयी होत जातो. त्याला मेलेली माणसं दिसू लागतात. त्याच्या मनाच्या आरोग्याबद्दल प्रश्न निघतात. वॉशिंग्टनमधली माणसं त्याच्यावर नजर ठेवून असतात. फ्युरीच्या हाताखाली आयुष्य घालवलेला डम डम ड्यूगन नव्या साहेबाला सहजी मानत नाही. जुना शत्रू मँडरिन याचं कारस्थान समोर असतं, पण ते खरं आहे हे पटवून देण्याइतका विश्वास टोनीकडे उरलेला नसतो.

इथे अधिकार आणि शक्ती यांतला फरक नीट कळतो. चिलखत घातलेला टोनी एका फटक्यात भिंत पाडू शकतो. संचालक टोनीला मात्र त्यासाठी कारण द्यावं लागतं, परवानगी घ्यावी लागते, नंतर जाब द्यावा लागतो. मराठी इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्या पिढीला नेमका याच्या उलट नमुना माहीत आहे. फँटम जंगल पेट्रोलचा प्रमुख असतो, त्याचे हुकूम कार्यालयातल्या तिजोरीत येऊन पडतात, त्याचा चेहरा कोणी पाहिलेला नसतो आणि त्याला कोणी एक प्रश्नही विचारत नाही. लहानपणी ते रम्य वाटतं. मोठेपणी टोनीचं वाचताना वाटतं की खरी गोष्ट तर प्रश्न विचारले जातात तिथून सुरू होते.

टोनीचा शेवटही त्याच्या सुरुवातीतूनच उगवतो. २००८ च्या ‘सीक्रेट इन्व्हेजन’मध्ये रूप बदलणारे परग्रहवासी, स्क्रल, हल्ला करतात आणि एका विषाणूने स्टार्कचं तंत्रज्ञान जगभर बंद पाडतात. शील्डकडचं सगळं काही स्टार्कचंच असल्याने शील्ड एका क्षणात आंधळी होते. पुरवठादाराला प्रमुख केल्याची ही फळं आहेत, आणि लेखकाला ती ओरडून सांगावी लागत नाहीत. स्क्रलांच्या राणीला गोळी घालतो नॉर्मन ऑस्बॉर्न, तेही कॅमेऱ्यांसमोर. तोच स्पायडर-मॅनचा जुना वैरी, ग्रीन गॉब्लिन. सरकार टोनीला काढून टाकतं, शील्ड मोडीत निघते आणि ‘हॅमर’ या नावाने नवी यंत्रणा ऑस्बॉर्नच्या हाती जाते.

यापुढे मॅट फ्रॅक्शन आणि साल्वादोर लारोका यांच्या ‘इन्व्हिन्सिबल आयर्न मॅन’चे अंक ८ ते १९ लगेच हाती घ्यावेत. नोंदणी केलेल्या सगळ्या महामानवांची खरी नावं टोनीने गोळा केलेली आहेत आणि आता ती यादी ऑस्बॉर्नला हवी आहे. टोनी इतर सर्व प्रती नष्ट करतो. उरते ती एकच, त्याच्या स्वतःच्या मेंदूत. म्हणून तो मेंदूच हळूहळू पुसत जातो. बुद्धी मंदावत जाते तसं प्रगत चिलखत चालवणं जमेनासं होतं आणि तो जुन्या, साध्या चिलखतांकडे सरकतो. संचालक म्हणून जमवलेली माहिती चुकीच्या हाती पडू नये म्हणून माणूस स्वतःची हुशारी खर्ची घालतो, यापेक्षा कठोर प्रायश्चित्त मी सुपरहीरोंच्या कथांत क्वचितच वाचलं आहे. या मालिकेला २००९ मध्ये सर्वोत्तम नव्या मालिकेचं आयस्नर हे कॉमिक्ससाठीचं पारितोषिक मिळालं, ते योग्यच होतं.

आता स्टीव्ह. त्याची पार्श्वभूमी टोनीइतकीच भक्कम आहे, किंबहुना या पदासाठी अधिक रोचक. सरकारशी फारकत घेणं त्याला नवं नाही. १९७४ मध्ये, वॉटरगेटच्या काळात, एका गुप्त कटाचा माग थेट व्हाइट हाउसपर्यंत पोचल्यावर त्याने कॅप्टन अमेरिका हे नावच टाकून दिलं होतं. १९८७ मध्ये एका सरकारी आयोगाने हुकमात राहायला सांगितलं तेव्हा त्याने गणवेश आणि ढाल दोन्ही परत केली. असा माणूस देशाच्या सुरक्षेचा प्रमुख व्हायला तयार होतो ते २०१० च्या ‘सीज’ या मालिकेच्या शेवटी. ओक्लाहोमातल्या ब्रॉक्स्टनवर तरंगणाऱ्या ॲसगार्डवर, म्हणजे थॉरच्या देवनगरीवर, ऑस्बॉर्न हल्ला करतो, पडतो, आणि राष्ट्राध्यक्ष मृत्यूतून परतलेल्या स्टीव्हकडे वळतात. नोंदणीचा कायदा रद्द होतो. ज्या कायद्यापायी तो हरला आणि मेला, तो त्याच्या नेमणुकीबरोबर जातो. हा क्षण वाचताना खरोखर ऊर भरून येतो.

नंतरच्या पानांत मात्र ही नेमणूक फारशी दिसत नाही, आणि माझी तक्रार तिथेच आहे. एड ब्रुबेकर यांनी लिहिलेली ‘स्टीव्ह रॉजर्स: सुपर-सोल्जर’ ही चार अंकांची छोटी मालिका डेल ईगलशॅम यांच्या स्वच्छ, देखण्या चित्रांत आहे. ढाल आणि कॅप्टन अमेरिका हे नाव त्याचा जुना साथीदार बकी याच्याकडे असल्याने स्टीव्ह निळ्या गणवेशात, मुखवट्याशिवाय वावरतो. विषय आहे महासैनिक घडवणाऱ्या द्रव्याचं सूत्र, ज्याचा बाजार मांडला जातो आहे. उत्तम हेरकथा आहे, एका संध्याकाळी संपते. पण देशाच्या सुरक्षेचा प्रमुख स्वतः एकटा परदेशी मोहिमेवर जातो आणि मागे त्याचं कार्यालय कोण सांभाळतं, हा प्रश्न कथेला पडतच नाही.

‘सीक्रेट ॲव्हेंजर्स’चे पहिले बारा अंक, ब्रुबेकर आणि माइक डिओडाटो यांचे, जास्त रंगतदार आहेत. ब्लॅक विडो, बीस्ट, व्हॅल्किरी, मून नाइट, वॉर मशीन, नोव्हा, शॅरन कार्टर अशी नमुनेदार माणसं स्टीव्ह एकत्र आणतो. पहिलीच मोहीम मंगळावर जाते. वेग आहे, साहस आहे, माणसांमधला जिव्हाळा आहे. पण सरकारने अंधारात ठेवलेल्या गोष्टींशी आयुष्यभर भांडलेला स्टीव्ह आता स्वतःच एक गुप्त पथक चालवतो आहे, आणि याबद्दल त्याला कोणी धारेवर धरत नाही. टोनीने हेच केलं असतं तर चार अंक त्यावर वाद चालला असता. स्टीव्ह सज्जन आहे म्हणून वाचकाने आणि सरकारने गप्प बसावं, असं या मालिकेचं गृहीतक दिसतं. मला ते पटत नाही.

याच मालिकेतले १६ ते २१ हे अंक मात्र कोणीही, कधीही वाचावेत. वॉरन एलिस यांच्या सहा स्वतंत्र कथा, प्रत्येक अंकात पूर्ण होणारी एक, दर वेळी वेगळा चित्रकार. डेव्हिड आहा यांनी काढलेला अठरावा अंक, जिथे जिने आणि दिशा यांचे नियमच उलटे होतात, पानांच्या मांडणीसाठी जपून ठेवण्यासारखा आहे. अॅलेक्स मालीव यांच्या विसाव्या अंकात ब्लॅक विडो काळात मागे-पुढे जाऊन आपल्या साथीदारांचा मृत्यू टाळू पाहते. मागचं काही माहीत नसलं तरी हे अंक कळतात.

मग निवड कशी करायची? हातात दोन सुट्ट्या असतील, सत्ता माणसाचं काय करते याबद्दल कुतूहल असेल आणि उदास कथा झेपत असेल, तर टोनी. ‘सिव्हिल वॉर’चे सात, ‘आयर्न मॅन’चे चौदा, फ्रॅक्शन यांचे बारा, मधला ‘सीक्रेट इन्व्हेजन’ आठ अंकांचा आहे, त्याचा सारांश वाचला तरी चालतं. घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाबरोबर वाचायचं असेल, किंवा इतक्या अंकांची तयारी नसेल, तर स्टीव्ह: ‘सीज’चे चार, ‘सुपर-सोल्जर’चे चार आणि एलिस यांचे सहा. ऑस्बॉर्नचा मधला काळ वगळला तरी बिघडत नाही. तो कसा माणूस आहे ते फ्रॅक्शन यांच्या अंकांत पुरेसं दिसतं.

मला विचाराल तर आधी टोनीच. त्याच्या कथेत खुर्चीला वजन आहे आणि चुकीला परिणाम आहेत. स्टीव्हचं नंतर वाचलं की नोंदणीचा कायदा रद्द होण्याचा प्रसंगही अधिक भिडतो, कारण तोवर त्या कायद्याने काय काय घेतलं हे तुम्ही पाहिलेलं असतं.

स्टीव्ह निवडलात तर मात्र २०१० वर थांबू नका. २०१६ मध्ये निक स्पेन्सर यांनी स्टीव्हचा भूतकाळच बदललेला दाखवला: वास्तवच बदलू शकणाऱ्या कॉस्मिक क्यूबच्या शक्तीमुळे तो आधीपासून हायड्रा या शील्डच्या शत्रुसंघटनेचा माणूस झालेला असतो आणि हे कोणालाच कळत नाही. ‘सिव्हिल वॉर २’ नंतर त्याच्या हाती शील्ड सोपवली जाते, तीही वाढीव अधिकारांसह, आणि २०१७ च्या ‘सीक्रेट एम्पायर’मध्ये तो त्याच अधिकारांनी देश ताब्यात घेतो. ती मालिका असमान आहे, मध्ये लांबते, आणि प्रिय पात्राची विटंबना झाली म्हणून अनेक वाचक तिच्यावर रागावले. तरीही मी ती सुचवतो. २०१० मध्ये कोणी न विचारलेला प्रश्न तिने विचारला: हे अधिकार आपण पदाला दिले होते की त्या चेहऱ्याला? तिच्या आधी ‘कॅप्टन अमेरिका: स्टीव्ह रॉजर्स’चा २०१६ चा पहिला अंक वाचा, म्हणजे धागा सापडेल.