दोन्ही डोळे लांबचे, की एक जवळचा?

चाळिशीच्या आसपास डोळ्यांचे लेसर करून घेणाऱ्याने लॅसिक की स्माइल, म्हणजे लेसरच्या या दोन पद्धतींपैकी कोणती, या प्रश्नावर फार झोप घालवू नये, असे मला अकरा वर्षांच्या अनुभवानंतर वाटते. ते बुबुळाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, जाडी आणि आकार पाहून डॉक्टरच सांगतात. आपल्याला ठरवावे लागते ते वेगळेच. दोन्ही डोळ्यांचा नंबर शून्यावर आणायचा, की एका डोळ्यात थोडा मायनस मुद्दाम शिल्लक ठेवून तो डोळा वाचनासाठी राखायचा? या दुसऱ्या प्रकाराला डॉक्टर ‘मोनोव्हिजन’ म्हणतात. माझ्या ताईने 2000 साली, वयाच्या 32व्या वर्षी, दोन्ही डोळे शून्यावर आणले. मी 2014 साली, 43व्या वर्षी, डाव्या डोळ्यात मायनस सव्वा ठेवून घेतला. आम्हा दोघांचाही मूळ नंबर मायनस पाचच्या आगेमागे होता, त्यामुळे तुलना अगदीच विजोड नाही.

लेसरने बदलतो तो बुबुळाचा आकार. डोळ्याच्या आतले भिंग मात्र आपल्या वयाप्रमाणे ताठर होतच राहते, आणि जवळचे दिसणे कमी होते ते त्यामुळे. मायनस नंबरवाल्याला एक सोय जन्मभर फुकट मिळालेली असते, ती म्हणजे चष्मा काढला की जवळचे स्वच्छ दिसते. दोन्ही डोळे शून्यावर आणले की ही सोय जाते, आणि बत्तिसाव्या वर्षी ती गेल्याचे कळतही नाही. ताईची बारा वर्षे फार सुखात गेली. मग एके दिवशी सुईत दोरा ओवता येईना. आपल्याकडे वयालाही चाळिशी म्हणतात आणि वाचायच्या चष्म्यालाही चाळिशीच म्हणतात, ते उगीच नाही. आज ताईच्या घरी असे चार चष्मे आहेत: एक देवघरात, एक स्वयंपाकघरात, एक पर्समध्ये, आणि चौथा बहुधा तिच्याच डोक्यावर असताना ती तो शोधत असते.

तरीही माझा निर्णय ताईकडे पाहून झालेला नाही. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी मला कॉन्टॅक्ट लेन्स देऊन दोन्ही प्रकार एकेक आठवडा जगून पाहायला सांगितले. हा सल्ला मी प्रत्येकाला आग्रहाने देईन. मी पेठेतल्या एका शाळेत गणित शिकवतो. शिक्षकाची नजर पुस्तकावरून फळ्यावर, फळ्यावरून शेवटच्या बाकावर आणि तिथून एखाद्याच्या वहीत अशी सतत फिरत असते. दोन्ही डोळे शून्यावर असलेल्या त्या आठवड्यात उदाहरण वाचायला चाळिशी लावली की शेवटचा बाक धुक्यात जाई. ती काढली की हजेरीपटावरची नावे मुंग्यांसारखी दिसत. नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून वरून पाहायचे म्हटले, तर पहिल्या बाकावरच्या मुली एकमेकींना कोपराने ढोसत. एका तासिकेत चष्मा किती वेळा घातला आणि काढला ते मी मोजले नाही; पण शनिवारी शाळा सुटली तेव्हा कानामागे दुखत होते आणि माझा निर्णय झाला होता. तीन सेकंदांच्या वाचनासाठी दर वेळी चष्मा शोधणे, हा त्रास ऐकताना क्षुल्लक वाटतो. तो दिवसातून असंख्य वेळा होतो, एवढेच.

मोनोव्हिजनची किंमत नाही असे मात्र नाही. पहिले काही आठवडे कपात चहा ओतताना अंदाज चुकत असे आणि पर्वतीच्या पायऱ्या उतरताना पाऊल जपून टाकावे लागे. दोन डोळे दोन अंतरांवर लावलेले असल्याने खोलीची जाणीव थोडी उणावते. खरी अडचण रात्रीच्या गाडीची आहे. पावसात घाट चढताना समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती वलये दिसतात, म्हणून डाव्या डोळ्याचा नंबर भरून काढणारा एक चष्मा मी गाडीतच ठेवला आहे. ताई मात्र रात्री निर्धास्त गाडी चालवते आणि बालगंधर्वच्या शेवटच्या रांगेतून नटाच्या चेहऱ्यावरची रेष न् रेष टिपते. ज्यांचे पोट चालकाच्या आसनावर अवलंबून आहे, किंवा ज्यांचा सगळा जीव बॅडमिंटनमध्ये आहे, त्यांनी तिचाच मार्ग धरावा, हे मला मान्य आहे.

ही सोय कायमची नाही, हेही सांगितले पाहिजे. जवळचा नंबर साठीपर्यंत वाढत जाऊन साधारण अडीचपर्यंत पोहोचतो. त्यामुळे 43व्या वर्षी पुरलेले माझे सव्वा आता 54व्या वर्षी गोळ्यांच्या पाकिटामागची बारीक अक्षरे वाचायला पुरत नाही. सुरुवातीलाच जास्त फरक ठेवला असता तर पुढची काही वर्षे निभावली असती, पण दोन डोळ्यांचे एकमेकांशी जमणे अवघड झाले असते.

उरलेल्या गोष्टी दोन्ही मार्गांना सारख्याच लागू आहेत. लेसरने बुबुळातल्या बारीक नसा कापल्या जातात म्हणून डोळे कोरडे पडतात. तो कोरडेपणा बहुतेकांचा काही महिन्यांत ओसरतो, पण वयाबरोबर, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, पुन्हा डोके वर काढू शकतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत आम्ही दोघेही थेंबांची बाटली जवळ बाळगतो. बुबुळ पातळ झाल्याने डोळ्यातला दाब यंत्रावर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो, म्हणून काचबिंदूच्या तपासणीला गेल्यावर लेसर झाल्याचे न विसरता सांगावे.

मोतीबिंदूचा प्रश्न जरा मोठा आहे. लॅसिकमध्ये वापरतात त्या एक्सायमर लेसरने ऊतक न जाळता कोरता येते, हे मद्रासमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी यांनी 1981 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत दाखवून दिले, आणि नव्वदच्या दशकात हे उपचार सर्वत्र पसरले. त्या काळी तिशीत असलेले लोक आता मोतीबिंदूच्या वयात आले आहेत. लेसरने बुबुळाचा आकार बदललेला असल्याने त्यांच्या कृत्रिम भिंगाचा नंबर नेहमीच्या गणिताने काढला तर तो चुकू शकतो. त्यासाठी आता वेगळी सूत्रे आहेत, तरी लेसरपूर्वीची मोजमापे हाताशी असली तर मदत होते. ताईची शस्त्रक्रिया झालेला दवाखाना आता त्या जागी नाही आणि तिच्याकडे कागद उरलेला नाही. माझी फाइल कपाटात घराच्या खरेदीखताशेजारी आहे.

ताईला गेल्या वर्षी मोतीबिंदूची सुरुवात झाल्याचे कळले. भिंग बसवताना दोन्ही डोळे लांबचे हवेत की एक जवळचा, हाच प्रश्न डॉक्टरांनी तिला पुन्हा विचारला आहे. दोन आठवड्यांपासून ती डाव्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाहते आहे. जिना उतरताना अजून कठडा धरते, पण परवा तुळशीबागेत तिने किमतीची चिठ्ठी स्वतः वाचली आणि घासाघीस मात्र नेहमीइतकीच केली.