तिएल्ला की सेप्पिए: दोन इटालियन घरगुती पदार्थांतून एक निवडताना

इटलीच्या किनाऱ्यावरच्या घरांत रविवारी शिजतं तसं, समुद्राचं आणि भाजीचं एकाच भांड्यातलं काही करायचं मनात असेल, तर हे दोन पदार्थ बघा. एक पुलिया प्रांतातल्या बारीची 'तिएल्ला': तांदूळ, बटाटे आणि शिनाणे (काळ्या शिंपल्यांतले मसल्स). दुसरा रोमकडच्या किनाऱ्यावर वसंतात होणारा 'सेप्पिए कोन पिसेल्ली': म्हाकूल आणि मटार. सेप्पिए म्हणजे पाठीत पांढरं कवच असलेलं म्हाकूल.

तिएल्ला हे मुळात भांड्याचं नाव. त्यात तळाशी कांदा नि बटाट्याच्या चकत्या, वर अर्ध्या शिंपल्यातच ठेवलेले कच्चे शिनाणे, त्यावर कच्चा तांदूळ, टोमॅटो, लसूण, पार्सली, किसलेलं पेकोरिनो (मेंढीच्या दुधाचं चीज), ऑलिव्ह तेल आणि पुन्हा बटाटे. समुद्री पदार्थावर चीज घालायला इटालियन माणूस सहसा तयार नसतो, इथे मात्र ते हवंच. सहा जणांना 1 किलो शिनाणे, 300 ग्रॅम तांदूळ, पाऊण किलो बटाटे पुरतात. साधारण 180 ते 200 अंशांवर तासभर भाजायचं. झुकिनी घालायची की नाही, यावर तिकडे गावागावांत वाद आहेत.

यातली खरी कसोटी शिनाणे उघडण्यात आहे. ते उकळून उघडायचे नसतात, सुरीनेच उघडायचे, आणि आतलं खारट पाणी गाळून भांड्यात ओतायचं. तांदूळ त्याच पाण्यावर शिजतो आणि समुद्राची सगळी चव तिथूनच येते. म्हणून मीठ जपून. पाणी तांदळाच्या थरापर्यंतच हवं, जास्त झालं की खिचडी होते. बासमती नको, आखूड जाडसर दाणा घ्या.

सेप्पिए त्या मानाने सांभाळून घेणारा पदार्थ. कांदा परतायचा, म्हाकुलाच्या पट्ट्या घालायच्या, अर्धा पेला पांढरी वाइन उडू द्यायची, थोडा टोमॅटो घालून झाकण ठेवायचं. म्हाकूल एक तर दोन-तीन मिनिटांत काढावं, नाहीतर चाळीसेक मिनिटं मंद आचेवर ठेवावं. मधल्या वेळात ते रबरासारखं लागतं, आणि घाबरून तेव्हाच गॅस बंद करणारेच फसतात. ताजे मटार शेवटच्या पंधरा मिनिटांत. चौघांना 1 किलो म्हाकूल आणि शेंगांसकट 1 किलो मटार. सोबत पाव, रस टिपायला.

खर्चाचं विचाराल तर दोन्हींत ताजेपणालाच पैसे लागतात. साफसफाईत सेप्पिए सोपा: कवच, शाईची पिशवी आणि चोच बाजारातच मावशींकडून काढून घेता येते. शिनाण्यांचं काम घरीच पडतं: घासणं, दाढी (शिंपल्याबाहेर आलेले तंतू) ओढून काढणं, उघडी राहिलेली आणि टिचकी मारूनही न मिटणारी फेकणं. पाणी कुठल्या खाडीचं, हेही विचारून घ्यावं लागतं.

माझं मत स्पष्ट आहे. आठ-दहा माणसं येणार असतील, हाताशी मोठा ओव्हन असेल आणि शिनाणे विश्वासाच्या माणसाकडचे असतील, तर तिएल्लाच करा. ती सकाळी करून दुपारी कोमट वाढली तर अधिक चांगली लागते, पाहुण्यांबरोबर बसायलाही मिळतं. पहिल्यांदाच करत असाल तर सेप्पिए.

ऋतूही बघा. पुलियात तिएल्ला उन्हाळ्याची, कारण शिनाणे तेव्हा भरलेले असतात. तोच काळ आपल्याकडे पावसाळ्याचा; 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. इटलीत मटार आणि किनाऱ्याजवळ येणारं म्हाकूल यांची गाठ वसंतात पडते. आपल्याकडे गोड मटार येतो तो थंडीत, आणि तेव्हा बाजारात म्हाकूलही मिळतं. त्यामुळे मुंबई-रत्नागिरीत डिसेंबर-जानेवारीत मी सेप्पिएच निवडेन. मटाराची टरफलं मात्र टाकू नका: पाण्यात उकळून ते गाळून घ्या, आणि रस आटू लागला की तेच पाणी भांड्यात घाला.