दहशतवादाचा गुन्हा: यूएपीए, कलम 113 की मोक्का?

भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 ला लागू झाली आणि तपास अधिकाऱ्याच्या डोक्याला नवा ताप झाला. संहितेच्या कलम 113 मधली दहशतवादी कृत्याची व्याख्या यूएपीएच्या, म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या, कलम 15 वरून जवळपास जशीच्या तशी उचलली आहे. देशाची एकता, अखंडता, सुरक्षा धोक्यात आणण्याचा किंवा लोकांत दहशत पसरवण्याचा हेतू, किंवा तसं होण्याची शक्यता, दोन्हीकडे हवी. त्यात जीव गेला तर दोन्हीकडे फाशी किंवा जन्मठेप. मग लावायचं कोणतं? ते पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने ठरवायचं, म्हणजे मुंबईत उपायुक्ताने. कशाच्या आधारे, याबद्दल कलमात चकार शब्द नाही.

आरोपीला मात्र फरक लगेच जाणवतो. यूएपीएत दोषारोपपत्राची मुदत 180 दिवसांपर्यंत वाढू शकते आणि आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन नाही. या तरतुदी 26/11 नंतर, 2008 च्या दुरुस्तीने आल्या. कलम 113 ला नेहमीचे 90 दिवस, नेहमीचा जामीन. पण यूएपीएसारखी खटल्याआधीच्या सरकारी मंजुरीची चाळणीही नाही.

मोक्का, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, मुळात टोळ्यांसाठी, 1999 चा. तो लावायचा तर टोळीवर गेल्या दहा वर्षांत एकाहून जास्त दोषारोपपत्रं हवीत. जामीन त्यातही कठीण. खरं आमिष आहे कबुलीजबाबाचं. उपायुक्तासमोर दिलेला जबाब इथे पुरावा ठरतो, यूएपीएत नाही. 2006 च्या लोकल स्फोटांचा खटला याच कायद्याखाली चालला. 2015 मध्ये बारा जण दोषी ठरले. 21 जुलै 2025 ला उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडलं; ते कबुलीजबाब त्याला विश्वासार्ह वाटले नाहीत. (सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत सांगितलं की हा निकाल तूर्त दाखला म्हणून वापरू नये.) कसाबचा कबुलीजबाब मात्र दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवलेला होता आणि तो शेवटपर्यंत टिकला.

माझ्या मते, मोक्का टोळ्यांपुरताच ठेवावा. मागे संघटना, पैसा, परदेशी हात दिसत असेल तर यूएपीए. एकट्यादुकट्याचं प्रकरण असेल तर 113 पुरे.

पण यूएपीए लावताय तर कागद चोख हवेत. 2008 च्या मालेगाव स्फोट खटल्यात मंजुरीचे आदेशच सदोष ठरले, त्यामुळे तो कायदा लागू झालाच नाही आणि 31 जुलै 2025 ला सातही आरोपी सुटले. पुरावा कमी पडला, हे कारण वेगळं होतंच. यूएपीएच्या मंजुरीसाठी पुरावे तपासून शिफारस करायला सात कामकाजाचे दिवस, त्यानंतर मंजुरीला आणखी सात. ही मुदत बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये सांगितलंय. बचावाच्या बाजूने उभे राहणाऱ्यांनी फाइल हातात आली की आधी या तारखा पाहाव्यात.